पाठीवरचा चौकोन

मी गोधडी बोलतेय. दचकू नका, गोधडीला तोंड नसतं हे मलाही ठाऊक आहे. पण जिच्याखाली माणसं झोपतात, कण्हतात, भांडून एकमेकांकडे पाठ फिरवतात आणि थंडी वाजली की पुन्हा गुपचूप जवळ सरकतात, तिच्याजवळ सांगण्यासारखं काहीतरी साठतंच.

सर्वसाधारण गोधडीला एक आई असते. मला बारा आहेत आणि त्यांतल्या एका आईला चांगल्या झुपकेदार मिशा आहेत. 'एक ना धड भाराभर चिंध्या' ही म्हण माझ्याकडे बघूनच कुणाला तरी सुचली असावी, अशी थट्टा मी पुष्कळदा ऐकलीय. ऐकून मी गप्प बसते. चिंध्या होत्या हे खरंच आहे. त्या एकत्र कशा आल्या, तेवढं सांगते.

माझा जन्म ठरला तो एका वाचनालयाच्या माडीवर. खाली पुस्तकं, वर आमचं शिवणाऱ्यांचं मंडळ. दर शनिवारी दुपारी ते जमतं. खोली खरं तर लहान मुलांच्या वाचनासाठी आहे, त्यामुळे खुर्च्या इवल्याशा. त्यांवर भरल्या अंगाच्या बायका बसल्या की गुडघे हनुवटीला टेकतात आणि उठताना प्रत्येकीला शेजारणीचा हात धरावा लागतो. मंडळ इतकी वर्षं टिकलं ते या खुर्च्यांमुळेच, असं माझं प्रामाणिक मत आहे.

मंडळ काढलं एका शाळेतल्या बाईंनी. त्यांच्या गळ्यात कायम मोजपट्टी, म्हणून त्यांचं नावच मोजपट्टी पडलं. मिशावाले म्हणजे टेलर मास्तर. दुकान मुलाच्या हाती दिल्यावर घरात बसून त्यांचा जीव आंबला, म्हणून ते इथे आले. एक बेकरीवाली आहे, ती कोपरांना लागलेलं पीठ न झटकता येते आणि आल्या आल्या 'मला लवकर निघायचंय' म्हणते. निघते मात्र सगळ्यांच्या शेवटी. आणि टेबलाच्या दोन टोकांना बसायच्या दोन जावा, थोरली आणि धाकटी. त्यांच्यामध्ये बाकीचं मंडळ बसायचं.

मंडळाची रीत अशी. वर्षातून एकदा बिस्किटांच्या डब्यातून चिठ्ठी काढायची. जिची चिठ्ठी निघेल तिच्यासाठी प्रत्येकाने घरून एकेक चौकोन शिवून आणायचा. तिने ते जोडायचे, आत जुनी चादर घालायची, पाठीला अस्तर लावायचं, धावदोरा घालून गोधडी पुरी करायची आणि सगळ्यांना दाखवायची. नाही म्हणायची सोय नाही. ज्याच्याशी आपलं पटत नाही त्याच्यासाठीही चौकोन करावाच लागतो.

मोजपट्टीबाईंनी वर आणखी नियम घातले होते. चौकोनावर नाव घालायचं नाही. सगळे चौकोन एका उशीच्या अभ्र्यात टाकून तो अभ्रा द्यायचा, म्हणजे कुठला कुणाचा हे गोधडी करणारीला कळू नये. कारण पूर्वी एकदा कुणाचा मध्यभागी आणि कुणाचा कोपऱ्यात, यावरून इतकी रुसारुशी झाली होती की मंडळात कुणी कुणाला टाचणीसुद्धा उसनी देत नव्हतं. दुसरा नियम, दुसऱ्याची शिलाई कधी उसवायची नाही. आणि तिसरा मला सर्वांत आवडतो, तो पाहुणचाराचा. पुरी झालेली गोधडी आधी चौकोन देणाऱ्या प्रत्येकाच्या घरी थोडे थोडे दिवस राहायला जाते. ज्यांनी टाके घातले त्यांना ऊब मिळते आणि मग ती आपल्या घरी परत येते.

त्या वर्षी चिठ्ठी निघाली थोरलीची.

थोरली एका लाँड्रीत इस्त्रीचं काम करते. तिच्या हाताखालून गेलेल्या कापडाला पुन्हा सुरकुती पडायची हिंमत होत नाही. बोलण्याच्या बाबतीत मात्र पक्की कवडीचुंबक. शब्द खर्च झाला तर परत मिळणार नाही, अशा बेताने बोलते. धाकटी चष्म्याच्या दुकानात आहे. दिवसभर गिऱ्हाइकांशी तोंडाचा पट्टा चालू असतो, पण जाऊ समोर आली की तिचीही दातखीळ बसायची. वाढदिवसाला, आजारपणाला भेट व्हायची. "बरं आहे ना?" "बरं आहे." संपलं.

असं का, ते मला माझ्याच एका तुकड्याकडून कळलं. बारीक पानांच्या नक्षीचा, धुऊन धुऊन हिरव्याचा राखाडी झालेला तो तुकडा आहे. माझ्या अंगावरचं ते सर्वांत जुनं कापड. मी व्हायच्या आधी तो या दोघींच्या सासूबाईंचा घरात घालायचा झगा होता.

सासूबाई शेवटची काही वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, आणि त्या थोरलीकडे होत्या. त्यांना उठवणं, बसवणं, भरवणं, पुसणं सगळं थोरलीने केलं. लाँड्रीतून येऊन केलं, लाँड्रीत जायच्या आधी केलं. धाकटी रविवारी फळं घेऊन यायची, सासूबाईंना हसवून जायची. सासूबाईंकडे दागदागिने नव्हते. होतं ते एक पायाचं शिलाई मशीन. आणि एका रविवारी त्या दोघींसमोर म्हणाल्या, "माझ्यामागे मशीन धाकटीला द्या."

थोरलीने "बरं" म्हटलं. सासूबाई गेल्यावर मशीन पुसून, तेल घालून तिने स्वतः धाकटीच्या घरी पाठवलं. त्यानंतर तिच्या तोंडून धाकटीशी कामापुरतेच शब्द निघू लागले. भांडण झालंच नाही, त्यामुळे ते मिटवायचीही सोय राहिली नाही. झगा मात्र एका पिशवीत घड्या घालून मशीनबरोबर धाकटीकडे गेला होता. तो थोरलीनेच पाठवला होता का, की तो चुकून गेला, हे त्या तुकड्यालाही माहीत नाही.

चिठ्ठी निघाल्यावर धाकटीने तो झगा कपाटातून काढला. मंडळात सगळे दुकानातून कोरी करकरीत कापडं आणत होते. तिच्याकडेही होती. पण तिने झगाच घेतला. कात्री लावताना तिने डोळे मिटले होते, असं तो तुकडा सांगतो. शिवणाऱ्या माणसाने डोळे मिटून कापू नये. एक कड वाकडी गेलीच. मग ते तुकडे जोडून सासूबाईंच्याच मशीनवर तिने चौकोन शिवला. त्या मशीनला एक खोड आहे. जरा वेग धरला की ते मधूनच एक टाका सोडतं.

नवऱ्याने विचारलं, "हे कापड का? जुनं दिसतंय."

"जाऊबाई ओळखतील," ती म्हणाली. "ओळखलं तर काहीतरी बोलतीलच ना? रागावून का होईना."

तिने चौकोन अभ्र्यात टाकला तो ही आशा घेऊन.

थोरलीने तो अभ्रा लाँड्रीतच उघडला. गिऱ्हाइकांचे कपडे संपवले आणि इस्त्रीच्या टेबलावर एकेक चौकोन घेऊन दाबू लागली. फुलांचा आला, ठिपक्यांचा आला, मास्तरांचा कोटाच्या कापडाचा आला. मग तो आला. तिने इस्त्री उभी करून ठेवली. कापडावरून बोट फिरवलं. चौकोन उलटा करून शिलाई पाहिली. तिथे एक टाका सुटलेला, पुढे आणखी एक सुटलेला. ज्या बाईने त्या मशीनचा आवाज भिंतीपलीकडून वर्षानुवर्षं ऐकलाय, तिला आणखी नावाची काय गरज? तो चौकोन हातात घेऊन ती शेजारच्या स्टुलावर बसली.

घरी तिने सगळे चौकोन पलंगावर मांडले. चार ओळी, ओळीत तीन. झग्याचा चौकोन तिने मधोमध ठेवून पाहिला, पण तिचं समाधान होईना. भोवतीच्या झगझगीत रंगांत तो बिचारा आजारी दिसत होता. तिने तो उचलला आणि गालाला लावला. आणि तिचं ठरलं.

तो चौकोन तिने माझ्या पाठीवर लावला. अस्तराच्या वरच्या बाजूला, अगदी मध्ये, जिथे माणूस गोधडी हनुवटीपर्यंत ओढून घेतं तिथे. माझ्या अंगावर पडलेला पहिला टाका तोच. पुढची बाजू लोकांनी बघायची असते, पण माणसाच्या अंगाला लागते ती पाठ. थोरलीच्या लेखी त्याहून वरची जागा नव्हती. मग पुढच्या बाजूला एक घर रिकामं राहिलं. तिचा स्वतःचा एक चौकोन होताच, लाँड्रीतल्या जुन्या पट्ट्यापट्ट्यांच्या चादरीचा. तसाच आणखी एक करून तिने ते घर भरून टाकलं.

इथेच सगळा घोळ झाला. मी तेव्हाच म्हणत होते, अगं बाई, तिला सांग. एक वाक्य पुरे. पण थोरलीचा विचार वेगळाच होता. 'बघायला येईल तेव्हा उलटून दाखवीन,' असं ती मनात घोकत बसली. बोलण्यापेक्षा दाखवणं सोपं, असं तिला वाटलं.

बघण्याचा दिवस आला. मला माडीवरच्या खोलीत भिंतीवर टांगलं, लाँड्रीतले कपड्यांचे चिमटे लावून. तोंड लोकांकडे, पाठ भिंतीला. एक सांगते, गोधडी बघायला आलेलं माणूस गोधडी बघत नाही. ते आधी आपला चौकोन शोधतं. तो सापडला की त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद येतो तो येतो, आणि मग म्हणतं, "वा, सबंध गोधडी काय सुंदर झालीय!" मोजपट्टीबाईंना स्वतःचा सापडला. बेकरीवालीला सापडला आणि ती शेजारणीला ओढून दाखवू लागली. मास्तरांनी रिवाजाप्रमाणे माझा खालचा कोपरा उचलून पाठीवरच्या गाठी तपासल्या. अहो मास्तर, जरा वर बघा, वर, असं मी मनात ओरडले. त्यांनी मान डोलावली आणि कोपरा सोडून दिला.

धाकटी पहिल्या ओळीपासून बघू लागली. शेवटच्या ओळीपर्यंत गेली. पुन्हा वरून सुरू केलं. मग तिची नजर त्या पट्ट्यापट्ट्यांच्या दोन चौकोनांवर थांबली, आणि तिचा चेहरा उतरत गेलेला मी समोरून पाहिला. मी भिंतीला चिकटलेली. माझ्या पाठीशी, भिंतीच्या आणि माझ्यामध्ये, ती जे शोधत होती ते होतं आणि मला हलता येत नव्हतं. आयुष्यात मला बोलता येत नाही याचं दुःख इतकं कधी झालं नाही.

नेमकी थोरली तेव्हा खाली कपबश्या विसळत होती. ती वर आली तोवर धाकटी निघून गेली होती.

"गेली?" थोरलीने विचारलं.

"हो, डोकं दुखतंय म्हणाली," बेकरीवालीने सांगितलं.

थोरलीने हातातला ट्रे ठेवला. 'माझं काम बघायलाही ती थांबली नाही,' एवढंच तिच्या मनात आलं. दोघींनी आपापल्या जागी बसून एकमेकींवर एकच आरोप केला, आणि दोन्ही खोटे होते.

त्यानंतर माझा पाहुणचार सुरू झाला. ते दिवस आठवले की आजही मला भरून येतं. मोजपट्टीबाईंनी मला पलंगावर पसरून चारी बाजू मोजल्या. एक बाजू बोटभर जास्त भरली, आणि बाईंना त्या चिंतेने झोप लागेना. शेवटी मीच त्यांना ऊब देऊन गप्प केलं. मास्तरांनी चष्मा लावून माझा धावदोरा वाचला आणि "बरा आहे" म्हणाले. नंतर स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सांगत होते, "असा हात माझ्या दुकानात एकाचाही नव्हता." कौतुक दुसऱ्या खोलीत जाऊन करायची माणसांची ही तऱ्हा मला अजून उमगलेली नाही.

बेकरीवालीकडे तिचे म्हातारे वडील खिडकीशी आरामखुर्चीत बसलेले असतात. ते मला पाठीच्या बाजूनेच पांघरायचे आणि झग्याच्या चौकोनावर गाल टेकायचे.

"बाबा, ती उलटी बाजू आहे," बेकरीवाली म्हणायची.

"असू दे. ही मऊ आहे. सुलटी घेऊन मला कुठे मिरवायचंय?"

तो चौकोन थोरलीने हौसेने लावला असेल, असंच बेकरीवालीला वाटलं. सगळ्यांनाच तसं वाटलं. चौकोनावर नाव नव्हतं ना! अशी मी घरोघर हिंडले. कुणी माझ्याखाली ताप काढला, कुणाच्या नातीने माझा तंबू केला. या सगळ्यांची मी ऋणी आहे. माणसाला फार तर एक सासर आणि एक माहेर मिळतं. मला बारा घरं माहेरासारखी मिळाली.

पण दहा घरांच्या पाहुणचारानंतर माझं पाऊल अडलं. धाकटी मंडळात सगळ्यांत नवी, म्हणून तिची पाळी शेवटी. मास्तर मला काखेत घेऊन तिचा जिना चढले. तिने दार उघडलं, हसली, पण तिचा हात माझ्याकडे आला नाही.

"बसा मास्तर, चहा घेऊन जा. गोधडी मात्र परत न्या."

"परत? अहो, तुमची पाळी आहे."

"पाळी चौकोन असणाऱ्यांची. माझा त्यात नाहीये."

"नाही कसा? मी पाहिलेत. बारा आहेत."

"बारा आहेत," धाकटी म्हणाली. "त्यातले दोन लाँड्रीच्या पट्ट्यांचे आहेत."

मास्तरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. जन्मभर मापं घेतलेला माणूस तो, समोरच्याचा खांदा कुठे पडलाय हे त्यांना सांगावं लागत नाही.

"राग नाही माझा," धाकटी पुढे म्हणाली. "त्यांना नको असेल तर नको. मी शनिवारीही यायची नाही आता. आणि मशीनसुद्धा देऊन टाकतेय, आमच्या दुकानातल्या मुलीच्या आईला. उद्या सकाळी येतायत न्यायला. घरात ते दिसलं की उगाच जिवाला घोर."

मी मास्तरांच्या काखेतून आत पाहिलं. दाराशीच मशीन उभं होतं, न्यायला सोपं जावं म्हणून आणून ठेवलेलं. त्याच्यावर एक चादर टाकली होती. एक चौकोन पाठीला लागला एवढ्यावरून हे घर मंडळातून तुटणार होतं, आणि ज्या मशीनने माझा सर्वांत मऊ तुकडा शिवला ते परक्या दारी जाणार होतं. चहा न घेताच मास्तर उतरले आणि थेट लाँड्रीत गेले.

थोरली एका पांढऱ्या शर्टाची बाही दाबत होती.

"ती घेत नाही," मास्तर म्हणाले.

थोरलीने मान वर केली नाही. "वाटलंच मला."

"म्हणते, तिचा चौकोनच तुम्ही लावला नाही."

"काय?"

"काढून टाकलात म्हणते. आणि मशीन देऊन टाकतेय, उद्या."

"काढून टाकला?" थोरली ओरडली. तिला ओरडताना लाँड्रीत कुणी पाहिलंच नव्हतं. मालक गल्ल्यावरून उठून उभा राहिला. "अहो, सगळ्यांत आधी लावलाय तो! पहिला तोच लावलाय!"

तेवढ्यात जळका वास सुटला. त्या दिवशी थोरलीच्या हातून पहिल्यांदा एक शर्ट गेला, बाहीवर इस्त्रीचा पुरता ठसा उमटला. तिने तो पाहिलाही नाही. इस्त्री बंद केली, मला मास्तरांच्या हातातून ओढून घेतलं आणि ॲप्रन न काढता, पायात जे होतं त्यानिशी ती रस्त्याला लागली.

वाटेत ती काहीतरी पुटपुटत होती. मी कान देऊन ऐकलं. ती बोलायचं वाक्य जुळवत होती, मोडत होती, पुन्हा जुळवत होती. धाकटीच्या दाराशी पोचेपर्यंत तिच्याजवळ एकही वाक्य शिल्लक नव्हतं.

दार उघडलं.

"जाऊबाई? तुम्ही?"

थोरलीने मला झटकून उघडलं, पाठीची बाजू आत केली आणि धाकटीच्या खांद्यांवरून लपेटून टाकलं. जरा जोरातच. धाकटी मागे सरली, दाराला टेकली.

"अहो, काय हे?"

"मान खाली कर," थोरली म्हणाली. "बघ तुझ्या हनुवटीशी काय आहे."

धाकटीने मान खाली केली. आधी गालाला लागलं, मग दिसलं. बारीक पानं, वाकडी गेलेली कड, सुटलेला टाका. तिचे हात मला घट्ट धरत गेले.

"हा इथे होता?"

"इथेच होता. पहिल्या दिवसापासून."

"आणि मी पुढे शोधत बसले. मला वाटलं, ओळखलंत म्हणूनच काढून टाकलात."

"ओळखला म्हणूनच आत लावला. पुढे लावला असता तर आल्यागेल्याने हात लावला असता."

"मग सांगायचं नाही का? एका शब्दाने तरी!"

"दाखवणार होते. तू गेलीस निघून."

मला वाटलं झालं, मिटलं. पण माणसांची भांडणं अशी शहाण्यासारखी मिटत नाहीत. आधी तुंबलेलं बाहेर यावं लागतं. थोरली उंबऱ्यातच बसली आणि म्हणाली, "आणि मशीन देऊन टाकतेस? त्यांचं मशीन? मला एकदा विचारावंसं वाटलं नाही?"

"तुम्ही बोलता कुठे मला विचारायला? ते आल्यापासून तुम्ही बोलायच्या बंद झालात. मी मागितलं होतं का ते? त्यांनी दिलं."

"मला का नाही दिलं?" थोरलीचा आवाज एकदम लहान झाला. "रात्रंदिवस मी होते गं त्यांच्याजवळ. मला एकदा तरी म्हणायचं, हे तुला."

सांत्वनाचं एखादं गोड खोटं धाकटीला सुचलंही असेल, दुकानात दिवसभर गोड बोलायची सवय आहे तिला. पण ती खरं तेच बोलली.

"का ते त्यांनाच माहीत, जाऊबाई. मी विचारलं नाही. मला मिळालं म्हणून मला आनंद झाला होता, आणि तुमच्या तोंडाकडे मी पाहिलंसुद्धा नाही. माझं चुकलं ते तिथे."

थोरली रडली. किती वर्षांचं होतं कोण जाणे. धाकटी तिच्या शेजारी बसली आणि माझं एक टोक तिच्या खांद्यावर टाकलं. दोघींना पुरेल एवढी मी मुळीच रुंद नाही. त्या दोघी दाटीवाटीने बसल्या म्हणून मी पुरले. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा पाहुणचार.

मशीन गेलं नाही. दुकानातल्या मुलीच्या आईची धाकटीने माफी मागितली, आणि मास्तरांनी आपल्या दुकानातलं एक जुनं मशीन त्या बाईंना दिलं. लाँड्रीच्या मालकाने शर्टाबद्दल थोरलीला चार शब्द ऐकवले. तिने ते चक्क हसत ऐकून घेतले, त्यामुळे मालक जास्तच घाबरला.

मी धाकटीकडे पाहुणी म्हणून थोडे दिवस राहायची, ती सगळा हिवाळा राहिले. थोरली मला न्यायला यायची, चहा घ्यायची, गप्पा मारायची आणि मला विसरून परत जायची. विसरायची की मुद्दाम ठेवायची, ते मी विचारलं नाही.

पुढल्या वर्षी मंडळाने जुन्यानव्या सगळ्या गोधड्या मांडायचं ठरवलं. मोजपट्टीबाईंनी भिंतीवर खुणा केल्या, कुठली कुठे टांगायची ते मापून. थोरली मला घेऊन आली आणि म्हणाली, "ही भिंतीवर नको."

"मग कुठे?"

"मधे. दोरीवर. माणसं दोन्हीकडून फिरली पाहिजेत."

"अहो, मग जायला यायला वाट उरणार नाही," बाई म्हणाल्या.

"वळसा घालून जातील."

थोरली सलग इतकं बोललेली पाहून बाईंनी मोजपट्टी गुंडाळली. खिडकीपासून दारापर्यंत दोरी बांधून मला खोलीच्या मधोमध लावलं. लोक आले. कुणी पुढून पाहून कौतुक केलं. मग वळसा घालून मागे आले, तर तिथे ॲप्रन घातलेली एक बाई इवल्याशा खुर्चीवर ठाण मांडून बसलेली. प्रत्येकाला, ओळखीच्याला आणि अनोळखी माणसालाही, ती वर बोट दाखवून एकच सांगत होती, "हा माझ्या जावेने केलाय."

धाकटी पलीकडे, माझ्या पुढच्या बाजूला उभी होती. दोघींमध्ये फक्त माझ्या अंगाची जाडी. ती ते दर वेळी ऐकत होती. संध्याकाळ होईतो ऐकत होती, आणि जागची हलली नाही.

आता माझं वय झालंय. माझा कडेचा गोट झिजलाय, मास्तरांचं कोटाचं कापड तेवढं अजून ताठ्यात आहे. झग्याचा चौकोन सर्वांत आधी विरला, तो होताच म्हातारा. मागच्या महिन्यात धाकटीने त्यावर जाळीचं पातळ कापड घातलं, तिच्याच मशीनवर, आणि मशीनने खोड सोडली नाही. थोरलीने सुटलेले टाके बोटाने चाचपले. "दुरुस्त करून घे ते मशीन," ती म्हणाली, आणि लगेच म्हणाली, "नको, राहू दे."

मी कृतज्ञ आहे. ज्यांनी मला कापलं, जोडलं, मोजलं, पांघरलं, त्या सगळ्यांची. तुमच्याकडे एकच मागणं आहे. कुणी कष्टाने केलेली वस्तू तुमच्यासमोर ठेवली आणि तुमची जागा तिच्यात दिसली नाही, तर लगेच पायात चपला घालू नका. जरा थांबा. खाली कपबश्या विसळणारी बाई वर येईपर्यंत तरी थांबा.